जिवंत माणसाचे चरित्र : आधार आणि समतोल

'चरित्र' हा शब्द संस्कृतातील 'चर्' या धातूपासून आला असून चालणे, वागणे, आचरणे असा त्या धातूचा अर्थ आहे. मनुष्य आयुष्यात कसा चालला, याचे खरेखुरे निवेदन म्हणजे त्याचे चरित्र. ज्याचे आयुष्य संपले त्याची वाट पुरी झालेली असते, व ती मागे वळून शांतपणे पाहता येते. परंतु जो आजही आपल्यामध्ये वावरत आहे त्याची वाट अजून चालूच आहे. त्याच्याविषयी आपण जे लिहू ते तो स्वतः वाचील, त्याची मुले वाचतील, त्याला नोकरी देणारा वाचील, त्याच्या घरी सोयरीक घेऊन येणाराही वाचील. मृताच्या चरित्रातील चुकीने इतिहासाची हानी होते. जिवंताच्या चरित्रातील चुकीने प्रत्यक्ष त्या माणसाच्या अब्रूची हानी होते. हा भेद ध्यानी धरून प्रस्तुत पाठ वाचावा, अशी विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस विनंती आहे.

हा विषय शाळेच्या वार्षिकात घेण्याचे कारण उघड आहे. 'मला आवडणारा खेळाडू', 'आपल्या जिल्ह्यातील कर्तबगार स्त्री' असा एखादा विषय प्रकल्पास दिला की बहुतेक विद्यार्थी मोबाइल उघडून विकिपीडियाच्या पानावर जातात, तेथील मजकूर वहीत उतरवून घेतात, व खाली सुबक चित्र चिकटवून मोकळे होतात. हा मजकूर कोणी लिहिला, कशाच्या आधारे लिहिला, त्यात एकच बाजू आली आहे की दोन्ही, हे प्रश्न क्वचितच कोणाच्या मनात उद्भवतात. छापलेले ते खरे, अशी जुन्या लोकांची समजूत असे. पडद्यावर दिसले ते खरे, ही तिचीच नवी आवृत्ती होय.

पूर्वीचे कोश व आजचा कोश

कोश रचणे हे पूर्वी मोठे जिकिरीचे काम होते. पुण्याच्या सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी प्राचीन, मध्ययुगीन व अर्वाचीन असे तीन चरित्रकोश सिद्ध केले. त्यांपैकी पहिला १९३२ साली, दुसरा १९३७ साली व तिसरा १९४६ साली प्रसिद्ध झाला. पुढे वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे कार्य चालले व त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. अशा ग्रंथांतही चुका राहात असत. तथापि त्या चुकांची जबाबदारी कोणावर, हे सांगता येई. कारण मुखपृष्ठावर संपादकाचे नाव छापलेले असे, आणि नाव छापले जाणार हे ठाऊक असल्याने लेखणीही जपून चाले.

१५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया हा ज्ञानकोश इंग्रजीत सुरू झाला, व १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी, त्याची मराठी आवृत्ती निघाली. या कोशाचे वैशिष्ट्य असे की त्यात कोणीही लिहावे, कोणीही दुरुस्त करावे, व सर्वांनी तो विनामूल्य वाचावा. खेड्यातील मुलाला जो ग्रंथ विकत घेणे शक्य नव्हते तो या योजनेमुळे त्याच्या हातात आला, हा उपकार लहान नव्हे. परंतु ज्या दारातून हजारो सज्जन आत येतात त्याच दारातून एखादा खोडसाळही आत येतो. आणि त्याने जिवंत माणसाच्या नावावर चिखल फेकला तर काय होते, हे पुढील उदाहरणावरून कळेल.

एका थट्टेचा परिणाम

अमेरिकेत जॉन सिगेनथेलर नावाचे एक नामांकित पत्रकार होते. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचे बंधू रॉबर्ट केनेडी हे सरकारचे महाधिवक्ता असताना सिगेनथेलर हे त्यांचे साहाय्यक होते; रॉबर्ट यांचा १९६८ साली खून झाला तेव्हा त्यांच्या शवपेटीस खांदा देणाऱ्यांतही ते होते. मे २००५ मध्ये एका अनामिक इसमाने इंग्रजी विकिपीडियावर त्यांचे एक छोटेसे चरित्र लिहिले, व त्यात असे घातले की केनेडी बंधूंच्या खुनांत या गृहस्थांचा हात असावा असा काही काळ संशय होता, परंतु काही सिद्ध झाले नाही. ते कित्येक वर्षे रशियात राहात होते, असेही त्यात होते. यांतील एक अक्षरही खरे नव्हते.

हा मजकूर चार महिन्यांहून अधिक काळ तसाच राहिला. दुसऱ्या दोन संकेतस्थळांनी तो जसाच्या तसा उचलला. सिगेनथेलर त्या वेळी ७८ वर्षांचे होते. त्यांनी २९ नोव्हेंबर २००५ रोजी 'यूएसए टुडे' या वृत्तपत्रात लेख लिहून हा प्रकार चव्हाट्यावर मांडला. शोधाअंती असे निष्पन्न झाले की एका कंपनीतील कामगाराने आपल्या सोबत्याची गंमत करण्यासाठी हा उद्योग केला होता. त्याला आपले काम सोडावे लागले. तेव्हा ज्यांची बदनामी झाली त्या सिगेनथेलर यांनीच त्याच्या मालकाकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. ते २०१४ साली वारले.

विद्यार्थ्यांनो, त्या मजकुरातील 'परंतु काही सिद्ध झाले नाही' हे शब्द पुन्हा एकवार पाहा. वरकरणी ते न्यायी वाटतात. पण खरा डंख त्यांच्यातच आहे. ज्या गोष्टीचा कोणी आरोपच केला नव्हता ती 'सिद्ध झाली नाही' असे म्हणणे म्हणजे आरोप करून वर सभ्यपणाचा आव आणणे होय. आपल्याकडे म्हण आहे, एकदा कानफाट्या नाव पडले की पडले. ते पाडणाऱ्याला एक क्षण पुरतो. ते पुसणाऱ्याला आयुष्य पुरत नाही.

या प्रकरणानंतर, त्याच वर्षाच्या डिसेंबरात, इंग्रजी विकिपीडियाने जिवंत व्यक्तींच्या चरित्रांसाठी स्वतंत्र नियम केले. त्यांचे सार असे : जिवंत माणसाविषयीचा वादग्रस्त मजकूर निराधार असेल किंवा त्याचा आधार कच्चा असेल, तर तो निंदेचा असो वा स्तुतीचा, चर्चेची वाट न पाहता तत्काळ काढून टाकावा. इतर लेखांत संशयास्पद वाक्यापुढे 'संदर्भ हवा' अशी खूण करून थांबता येते. येथे थांबावयाचे नाही. पुढे २०१० पासून, एकही आधार नसलेले जिवंत व्यक्तीचे नवे चरित्र मुदतीत आधार न दिल्यास वगळावे, असाही नियम झाला. एरवी ज्ञानकोशाचा ओढा सांगण्याकडे असतो; जिवंत माणसाच्या बाबतीत मात्र शंका असेल तेथे मौन पाळावे, असा हा दंडक आहे.

असे नियम असूनही खोडी थांबत नाहीत. ४ सप्टेंबर २०२२ रोजी दुबई येथे आशिया चषकाच्या सामन्यात पाकिस्तानविरुद्ध अर्शदीप सिंग या तरुण गोलंदाजाच्या हातून एक झेल सुटला व भारत सामना हरला. थोड्याच वेळात कोणी अनामिकाने त्याच्या विकिपीडियावरील पानात त्याचा संबंध खलिस्तानशी जोडणारे खोटे शब्द घातले. कोशाच्या स्वयंसेवकांनी ते काही मिनिटांत काढले. परंतु तेवढ्या अवधीत लोकांनी त्या पानाची छायाचित्रे घेऊन ती सर्वत्र पाठविली, व प्रकरण भारत सरकारच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयापर्यंत गेले. पानावरील चूक काही मिनिटांची ठरली; लोकांच्या मोबाइलमधील चूक कोणी काढावयाची? झेल सुटणे हा खेळातील दोष होय. त्यावरून २३ वर्षांच्या मुलाची देशनिष्ठा ठरविणे हा मात्र आपला दोष होय.

आधार म्हणजे काय?

चरित्रातील प्रत्येक महत्त्वाच्या विधानामागे आधार हवा, हे ठीक. पण कोणत्या आधाराला आधार म्हणावे? हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांचा कटाक्ष हाच होता की केवळ बखरींवर विसंबून इतिहास लिहू नये, अस्सल कागद शोधावेत. सभासदाची बखर सतराव्या शतकाच्या अखेरीस, शिवाजी महाराजांना पाहिलेल्या माणसाने लिहिली. चिटणिसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. दोन्ही बखरीच, पण घटनेपासून त्यांचे अंतर सारखे नाही, म्हणून त्यांची साक्षही सारख्या तोलाची नाही. हीच कसोटी आजच्या माणसाच्या चरित्राला लावावी. सांगणारा कोण, तो घटनेच्या किती जवळ होता, आणि तसे सांगण्यात त्याचा काही लाभ आहे काय, हे तीन प्रश्न प्रत्येक आधाराला विचारावेत.

या कसोटीने आपल्या भोवतालचे काही आधार तपासू. वाढदिवसाच्या दिवशी नाशिकच्या चौकाचौकांत जे फलक लागतात त्यांवर 'कार्यसम्राट', 'विकासपुरुष' अशी बिरुदे असतात. फलक कोणी लावला हे त्याच्या तळाशी असलेल्या छायाचित्रांवरून कळतेच. तो चरित्राचा आधार होऊ शकत नाही. एकसष्टी किंवा अमृतमहोत्सव यांनिमित्त निघणारा गौरवग्रंथ अधिक सभ्य असतो. त्यातून जन्मगाव, शिक्षण, नोकरीची वर्षे ही माहिती घ्यावयास हरकत नाही. परंतु त्यातील स्तुती ही निमंत्रण देऊन मागविलेली स्तुती आहे, हे विसरू नये. निवडणुकीच्या काळातील विरोधकांचे पत्रक हे त्याच नाण्याची दुसरी बाजू. गौरवग्रंथात दोष सापडत नाहीत आणि पत्रकात गुण सापडत नाहीत.

मग वृत्तपत्र प्रमाण मानावे काय? बहुधा मानावे, कारण वृत्तपत्राला संपादक असतो, पत्ता असतो व कायद्याची जबाबदारी असते. परंतु डोळे मिटून मानू नये. ज्येष्ठ अभिनेते विक्रम गोखले यांची गोष्ट अजून पुष्कळांच्या स्मरणात असेल. नाशिकशी या घराण्याचा जुना ऋणानुबंध आहे. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी 'मोहिनी भस्मासुर' हा चित्रपट काढला त्यात गोखले यांची आजी कमलाबाई व पणजी दुर्गाबाई कामत या दोघींनी काम केले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम गोखले पुण्याच्या रुग्णालयात अत्यवस्थ होते. २३ तारखेच्या रात्री त्यांचे निधन झाल्याची वार्ता पसरली. अनेक वृत्तसंस्थळांनी ती दिली, चित्रपटसृष्टीतील नामवंतांनी श्रद्धांजलीही वाहिली. अखेर कुटुंबीयांना खुलासा करावा लागला की त्यांची प्रकृती चिंताजनक असली तरी ते हयात आहेत. त्यांचे निधन झाले ते २६ नोव्हेंबर रोजी. रुग्णशय्येशेजारी बसलेल्या पत्नीला व मुलींना ते मधले दिवस कसे गेले असतील, याची कल्पना प्रत्येकाने आपल्या मनाशी करावी.

यातून शिकण्यासारखे हे की दहा ठिकाणी छापले म्हणजे दहा आधार झाले, असे नव्हे. दहाही जणांनी एकाच तोंडून ऐकले असेल तर आधार एकच, आणि ते तोंड खोटे असेल तर आधार एकही नाही. याहूनही फसवा प्रकार असा होतो की विकिपीडियावर कोणी निराधार वाक्य घालतो. घाईतला बातमीदार ते उचलून बातमीत घालतो. मग तीच बातमी त्या वाक्याचा आधार म्हणून विकिपीडियावर लावली जाते. दोन आंधळ्यांनी एकमेकांचा हात धरावा, व दोघांनाही वाटावे की दुसऱ्याला दिसते आहे, तशातला हा प्रकार. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रेही याच पानांवरून शिकतात, आणि मूळ लबाडी गोड भाषेत व मोठ्या आत्मविश्वासाने पुन्हा सांगतात. म्हणून आधार मोजण्यापूर्वी त्यांची मुळे निरनिराळी आहेत काय, हे पाहावे. आणि निधनासारखी वार्ता असेल तर एक दिवस थांबावे. ज्ञानकोश हे काही वार्तापत्र नव्हे, त्याला घाई कशाची?

समतोल म्हणजे काय?

आधार मिळाला म्हणजे काम संपले असे नाही. सर्व वाक्ये खरी असूनही चरित्र खोटे होऊ शकते. कसे ते पाहा. समजा, एका गृहस्थाने ३० वर्षे शिक्षण खात्यात निर्वेध नोकरी केली. निवृत्तीच्या वर्षी त्याच्यावर एक तक्रार झाली, चौकशी झाली, व तो निर्दोष ठरला. आता कोणी त्याचे दहा ओळींचे चरित्र लिहिले, त्यात दोन ओळी नोकरीविषयी, सात ओळी तक्रारीविषयी, व शेवटची एक ओळ निर्दोष ठरल्याविषयी लिहिली, तर त्यात असत्य एकही नाही. पण वाचणाऱ्याच्या मनावर उमटणारे चित्र असत्य आहे. आयुष्यात ज्या गोष्टीने जेवढी जागा व्यापली तेवढीच जागा तिला चरित्रात द्यावी, यालाच समतोल म्हणतात. तराजूची दोन्ही पारडी नेहमी सारखी ठेवणे हा समतोल नव्हे. जे पारडे खरोखर जड आहे ते जड दिसू देणे हा समतोल. न्यायालयात सिद्ध झालेला मोठा अपराध सौजन्यापोटी लपविणे हेही असत्यच.

येथे तीन शब्दांतील भेद विद्यार्थ्यांनी पक्का करून ठेवावा. 'आरोप' म्हणजे कोणी तरी दोष दिला. 'आरोपपत्र' म्हणजे पोलिसांनी तपास करून न्यायालयापुढे कागद ठेवले. 'दोषसिद्धी' म्हणजे न्यायालयाने दोन्ही बाजू ऐकून दोष निश्चित केला. पहिल्या दोन पायऱ्यांवर उभा असलेला मनुष्य आपल्या कायद्याने निर्दोषच समजला जातो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार अब्रुनुकसानी हा गुन्हा आहे. आणि 'मी खरे तेच लिहिले' एवढे म्हणून त्यातून सुटका होत नाही, ते लिहिणे लोकहिताचे होते हेही दाखवावे लागते.

स्तुतीतही तोल जातो, हे आपल्याच जिल्ह्यातील उदाहरणावरून पाहू. सावरपाडा या आदिवासी पाड्यातून आलेल्या धावपटू कविता राऊत यांच्याविषयी प्रकल्प लिहावयाचा आहे. एक विद्यार्थी लिहील : 'कविता राऊत यांच्यासारखी धावपटू जगात झाली नाही व होणार नाही.' हे प्रेम आहे, माहिती नाही. दुसरा लिहील : 'राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांत ॲथलेटिक्सचे पदक मिळविणारी ही पहिली भारतीय महिला.' हे वाक्य माहितीसारखे दिसते, पण ते चूक आहे. कारण २००२ साली मँचेस्टर येथे अंजू बॉबी जॉर्ज यांनी लांब उडीत कांस्यपदक मिळविले होते. तिसरा लिहील : 'त्यांनी २०१० साली दिल्ली येथील राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक, व त्याच वर्षी चीनमधील ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत त्याच अंतरात रौप्यपदक मिळविले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्या मॅरेथॉन धावल्या. तेथे पदक मिळाले नाही. वृत्तपत्रांनी त्यांना सावरपाडा एक्स्प्रेस असे नाव दिले.' या तिसऱ्या लेखनात विशेषण एकही नाही; पदक नाही तेथे नाही म्हटले आहे; आणि बिरुद कोणी दिले तेही सांगितले आहे. तरीही डोंगराळ पाड्यावरच्या मुलीचा पराक्रम याच चार वाक्यांत सर्वांत मोठा दिसतो. खऱ्या कर्तृत्वाला विशेषणांच्या कुबड्या लागत नाहीत. 'पहिला', 'सर्वांत मोठा', 'एकमेव' हे शब्द दिसले की वाचकाने तेथे पेन्सिलीने खूण करावी व पडताळा पाहावा.

गुणदोष दोन्ही सांगूनही माणसाची थोरवी कमी होत नाही, याचा दाखला शोधावयास नाशिकबाहेर जावयास नको. नाशिकजवळील जलालपूर हे लक्ष्मीबाई टिळक यांचे जन्मगाव, व १९३६ साली त्यांनी देह ठेवला तोही नाशिकातच. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात त्यांनी आपले पती, कवी नारायण वामन टिळक यांचा तापट स्वभाव झाकला नाही, त्यांचे औदार्यही झाकले नाही. आणि वाचकाच्या मनात टिळकांविषयीचा आदर वाढतच जातो. अर्थात लक्ष्मीबाईंनी स्वतः भोगलेले, पाहिलेले लिहिले. तो त्यांचा अधिकार होता. कोशात लिहिणाऱ्यापाशी असा अधिकार नसतो. त्याने आपल्या आठवणी, आपले तर्क व आपले रागलोभ बाहेर ठेवून केवळ प्रसिद्ध झालेल्या विश्वसनीय साधनांतून लिहावयाचे असते. मात्र लक्ष्मीबाईंची न्यायबुद्धी त्याने अवश्य घ्यावी.

काय लिहू नये?

खरे असूनही लिहू नये, अशाही काही गोष्टी आहेत. राहत्या घराचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक, आजार, मुलांची नावे व त्यांच्या शाळा, यांचा वाचकाला काही उपयोग नसतो. उपद्रव देणाऱ्याला मात्र पुष्कळ होतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला की खासगी जीवन जपणे हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. माणूस प्रसिद्ध झाला म्हणजे त्याच्या घराचे दार सर्वांना उघडे झाले, असे नाही.

आपल्याकडे आणखी एक खोड आहे. नाव कळले की आडनाव विचारावे, आणि आडनावावरून जात ताडावी. तीच खोड चरित्रांतही शिरते. पदक मिळाले त्या रात्री खेळाडूची जात शोधणारे लोक निघतात. कोणाचा धर्म कोणता हे आडनावावरून किंवा चेहऱ्यावरून ठरवू नये. त्या व्यक्तीने स्वतः प्रकटपणे सांगितले असेल व तिच्या सार्वजनिक जीवनाशी त्याचा संबंध असेल तरच लिहावे, असा विकिपीडियाचा संकेत आहे. जातीलाही तोच न्याय लावावा.

मग आपल्याविषयी चुकीचे लिहिलेले दिसल्यास त्या माणसाने काय करावे? स्वतःच पान उघडून पुसापुशी करावी काय? शक्यतो करू नये, असे नियम सांगतात. कारण स्वतःचा न्याय कोणी स्वतः करीत नाही. विकिपीडियाच्या संस्थापकांपैकी एक जिमी वेल्स यांनी आपल्याच चरित्रात फेरफार केल्याचे २००५ साली उघडकीस आले, तेव्हा त्यांच्यावरही टीका झाली व त्यांनी खेद व्यक्त केला. उचित मार्ग असा की त्या लेखाच्या चर्चापानावर चूक दाखवावी, आधार द्यावा, व दुरुस्ती इतरांकडून करवून घ्यावी.

विद्यार्थ्यांचे व पालकांचे कर्तव्य

विद्यार्थ्यांनो, यापुढे चरित्राचे पान उघडाल तेव्हा पुढील गोष्टी क्रमाने कराव्यात. वाक्याच्या शेवटी असलेल्या बारीक आकड्यावर बोट ठेवून मूळ आधार उघडावा, व तेथे खरोखर तसेच लिहिले आहे काय हे पाहावे. पुष्कळदा तेथे निराळेच लिहिलेले आढळते. नंतर 'इतिहास' या दुव्यावर जाऊन पान केव्हा केव्हा बदलले ते पाहावे. ज्याच्याविषयी आजकाल वाद चालू आहे त्याचे पान काल-परवाच बदललेले असेल, तर त्यावर लगेच विश्वास टाकू नये. एकच आधार वारंवार आला असेल तर दुसरा शोधावा. त्यासाठी शाळेचे ग्रंथालय व सार्वजनिक वाचनालय आहेच. प्रकल्पाच्या अखेरीस 'विकिपीडियावरून' एवढेच न लिहिता मूळ ग्रंथाचे किंवा वृत्तपत्राचे नाव, वर्ष व तारीख लिहावी. आणि सर्वांत शेवटी मनाला एक प्रश्न विचारावा : ही व्यक्ती उद्या आपल्या वर्गात येऊन आपली वही वाचू लागली, तर एखादे पान झाकावेसे वाटेल काय? वाटत असेल, तर ते पान पुन्हा तपासावे.

पालकांनाही एक नम्र सूचना आहे. घरात मोठी माणसे व्हॉट्सॲपवर आलेला कोणाच्याही बदनामीचा मजकूर 'पाहा तरी' म्हणून पुढे ढकलतात, तेव्हा शेजारी बसलेला मुलगा मुकाट्याने एक धडा शिकत असतो. शाळेत शिकविलेला धडा त्यापुढे टिकणे कठीण आहे. 'हे कोणी सांगितले?' हा प्रश्न मुलाने घरात एकदा जरी बापाच्या किंवा आईच्या तोंडून ऐकला, तरी त्याचे अर्धे शिक्षण झाले असे समजावे.

आजच्या विद्यार्थ्यांपैकी काही जण उद्या वकील, वैद्य, खेळाडू, नगरसेवक किंवा कलावंत होतील, व त्यांची चरित्रे दुसरे कोणी लिहितील. त्या लेखकाने आपल्याविषयी लिहिताना जेवढी काळजी घ्यावी असे वाटते, तेवढीच काळजी आज दुसऱ्याविषयी लिहिताना आपण घ्यावी. सोन्याचा दागिना मोडला तर सोनार तो पुन्हा घडवून देतो. माणसाचे नाव मोडले तर ते घडवून देणारा सोनार कोणत्याही पेठेत बसत नाही.